खर्रर्रर्र...

शनिवार सकाळ, एडिसनमधल्या भाड्याच्या घराचं गॅरेज, आणि मी हौसेने घेतलेला सेकंडहँड टेबल सॉ. यंदा गणपतीला चौरंग घरीच करायचा, असा घाट घातलेला. बटण दाबलं आणि... खर्रर्रर्र!

टेबल सॉ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लोखंडी टेबलाच्या मधून गोल करवतीचं पातं वर आलेलं असतं. पात्याभोवतीचं भगदाड झाकायला एक लांबट पट्टी बसवतात, ती इन्सर्ट. माझं पातं १० इंची, ४० दातांचं. मिनिटाला साधारण ४,००० फेरे धरले तर सेकंदाला अडीच हजारांवर दात त्या पट्टीच्या फटीतून जातात. पात्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटर!

खरं सांगायचं तर हा आवाज मागच्या शनिवारीही होता. मी काय केलं? कानांवर मफ चढवले. हापिसात वॉर्निंग दाबून बिल्ड हिरवं करतो, अगदी तसंच. त्या दिवशी एक पट्टी कापताना लाकूड मध्येच अडलं. मी जोर लावला, ते एकदम सुटलं, आणि माझा हात पात्यापासून चार बोटांवर थांबला. 'गाठ असेल लाकडात' म्हणून विषय सोडून दिला. बायकोला तर सांगितलंच नाही.

या वेळी मात्र नीट डीबग करायचं ठरवलं. आधी प्लग काढला. पहिला संशय अर्थातच बेअरिंगवर, कारण संशय नेहमी महागड्या वस्तूवरच जातो. लाकडी काडीने पातं हळू फिरवलं. कुठेही घासत नव्हतं. मग इन्सर्टचे चारही कोपरे एकेक करून दाबले. पुढचा उजवा कोपरा बोलला, टक!

पट्टी उचलली. उंची जुळवायच्या चार स्क्रूंपैकी एक हादऱ्यांनी ढिला झालेला, आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली भुसा दाबून बसलेला. म्हणून पट्टी डुगडुगत होती आणि तिची पुढची कड टेबलापेक्षा नखभर वर आली होती. मागच्या शनिवारी लाकूड तिथेच अडलं होतं. गाठबीठ काही नाही. आवाज आणि अडणं, दोन्ही एकच बग!

भुसा साफ केला, स्टीलची पट्टी आडवी धरून लेव्हल जुळवली. पुढची कड जराही वर नको, मागची जराही खाली नको. मशीन सुरू केलं. खर्रर्र गायब. बारीक शीळ तेवढी उरली, ती दातांनी कापलेल्या हवेची. मफ खरे तिच्यासाठी.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं, चार बोटांसकट. आयुष्यभर फिटर होते ते. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कान झाक रे, पण आधी ऐकून घे."

असो. आता दर शनिवारी प्लग लावायच्या आधी चारही कोपरे दाबून बघतो. चौरंगाचा एक पाय अजून डुगडुगतोय. तो बग पुढच्या शनिवारी. :-)