ओठाची एक बाजू

मराठीत हसण्यासाठी शब्दांची वाण नाही. गालातल्या गालात हसता येते, खुदकन हसता येते, खो खो हसता येते. फिदीफिदी हसले तर वडीलधारी माणसे रागावतात. यांतल्या बहुतेक शब्दांत हसण्याचा आवाज आहे किंवा त्याचे प्रमाण आहे. पण कुत्सित किंवा छद्मी हसू म्हटले की डोळ्यांपुढे येते ते आकाराचे चित्र. ओठाचा एकच कोपरा हललेला, दुसरा जागच्या जागी. कथाकाराला एवढे वर्णन पुरते, पात्राची नियत मग वेगळी सांगावी लागत नाही. अर्थात हा एक वाङ्मयीन संकेत आहे. माणसाचा ओठ एका बाजूने का हलत नाही याची कारणे नियतीखेरीज इतरही असू शकतात, आणि त्यांतले एक कारण गेल्या वर्षी मी फार जवळून पाहिले.

माझी एक सहकारी आमच्याच विभागात नाटक शिकवते. वय सत्तेचाळीस. तिच्या ओठांचे कोपरे जात्याच खाली वळलेले, आणि चाळिशीनंतर ते अधिकच उतरले. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या. ती निवांत बसलेली असली तरी नाराज दिसे. 'मॅडम रागावल्यात का?' हा प्रश्न तिला वर्षातून पन्नास वेळा ऐकावा लागे, आणि मनात नसलेली गोष्ट चेहरा बोलतो याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. तिने एका सौंदर्यचिकित्सालयात जाऊन आठ्यांसाठी आणि ओठांच्या कोपऱ्यांसाठी इंजेक्शने घेतली. स्टाफरूममध्ये यावर जे बोलले गेले ते मी इथे लिहीत नाही. केसांना दर पंधरा दिवसांनी कलप लावणारे दोन प्राध्यापक त्या बोलण्यात पुढे होते, एवढे नोंदवते.

आठ्या गेल्या. पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून ती हसली की खालच्या ओठाची उजवी बाजू खाली येईना. डावीकडचे खालचे दात दिसत, उजवीकडचे झाकलेले राहत. चेहरा स्थिर असताना काहीही दिसत नसे, आरशासमोर उभे राहून पाहिले तर सारे सुरेख. बिघाड फक्त हसण्यात आणि बोलण्यात होता.

त्याच आठवड्यात एम.ए.ची तोंडी परीक्षा होती. एक मुलगी, मूळची हुशार पण भित्री, एकांकिकेच्या रचनेवर अडखळत उत्तर देत होती. तिला धीर यावा म्हणून माझी मैत्रीण तिच्याकडे पाहून हसली. मुलीने मधेच वाक्य सोडले. उरलेल्या प्रश्नांना तिने 'माहीत नाही' एवढेच उत्तर दिले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. मॅडम माझ्या उत्तराला हसल्या, असे ती मैत्रिणींना सांगत होती. तिचे वाचन चुकले असे मी म्हणणार नाही. आम्हीच तिला तसे वाचायला शिकवले होते.

यानंतर मैत्रिणीने वर्गात हसणे बंद केले, आणि मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. पहिलेच आश्चर्य असे की या विषाचा पहिला गंभीर अभ्यासक कवी निघाला. युस्टिनुस केर्नर, जन्म 1786, मृत्यू 1862. जर्मनीतल्या श्वाबिया भागातला स्वच्छंदतावादी कवी. रॉबर्ट शुमानने 1840 मध्ये त्याच्या बारा कवितांना चाली लावल्या. पेशाने तो वैद्य. त्याच्या भागात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे मरत. पापण्या मिटत, गिळता येईना, बोलता येईना, पण शुद्ध मात्र शेवटपर्यंत राही. केर्नरने या रोग्यांची बारकाईने वर्णने लिहिली, विषाचे प्रयोग स्वतःवरही केले, आणि 1822 च्या ग्रंथात असा तर्क मांडला की नसांचा अतिरेकी चाळा जिथे होतो अशा रोगांत याच विषाची अल्प मात्रा औषध ठरू शकेल. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. बोट्युलिनम हे नाव त्यावरून. विष तयार करणारा जिवाणू बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेंगेम यांनी 1895 च्या एका विषबाधेनंतर शोधला, आणि केर्नरचा तर्क प्रत्यक्षात यायला त्यानंतरही कितीतरी दशके जावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले. अमेरिकेत त्या उपयोगाला 1989 मध्ये मान्यता मिळाली. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आचक्यांसाठी हे इंजेक्शन देत असताना एका रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा झाल्याचे ध्यानात आले. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स यांनी 1992 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

वाकडा ओठ सरळ करणे हे या औषधाचे ध्येय कधीच नव्हते. वाकडा डोळा सरळ करणे हे होते. तरीही तत्त्व एकच. चेतातंतूच्या टोकातून स्नायूकडे जाणारा निरोप हे औषध अडवते. स्नायू शाबूत, चेतातंतूही शाबूत, फक्त त्यांच्यातला संवाद बंद. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता होतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. तो मधेच उतरवणारे औषध नाही. आणि आपले काम कुठल्या स्नायूवर आहे हे त्या द्रवाला कळत नाही. जिथे टोचला तिथून तो थोडा पसरतो. मात्रा जास्त, द्रव पातळ, तितका पसर मोठा.

तोंडाभोवती हा पसर महागात पडतो, कारण तिथले स्नायू एकमेकांवर रचलेले आहेत. ओठाचा कोपरा खाली ओढणारा एक त्रिकोणी स्नायू आहे. त्याला सैल करावे म्हणजे कोपरा वर येतो, हे माझ्या मैत्रिणीला हवे होते. पण त्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीकडे, काही अंशी त्याच्याच खाली, दुसरा स्नायू आहे. तो खालचा ओठ खाली ओढतो. दात दाखवून हसताना काम याचे. सुई कोपऱ्यापासून पुरेशी बाहेर आणि खाली, जबड्याच्या कडेजवळ, न टोचता थोडी आत टोचली गेली की हा निरपराध शेजारी निकामी होतो. एकाच बाजूला तसे झाले, की एकतर्फी हसू. हाच घोटाळा इतरत्रही होतो. डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी सुई गालाच्या हाडाखाली उतरली तर ओठाचा कोपरा वर उचलणारा स्नायू सापडतो. जबडा बारीक दिसावा म्हणून चावण्याच्या स्नायूत दिलेले इंजेक्शन पुढे किंवा उथळ गेले तर हसू रुंद करणारा स्नायू सापडतो. वरच्या ओठाच्या बारीक रेघांसाठी मात्रा जास्त झाली तर पवर्गच अडतो; प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ नीट मिटत नाहीत. (भाषाशास्त्राच्या तासाला ओष्ठ्य वर्णांचे याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही, असे मैत्रीण म्हणाली. विनोद करण्याइतकी ती तोवर सावरली होती.)

मग हे टाळावे कसे? पुढे तिने ज्यांचा सल्ला घेतला ते एक वयस्क प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी खुर्चीत बसवल्याबरोबर तिला हसायला सांगितले. नंतर बोलायला, ओठांचा चंबू करायला, खालचे दात दाखवायला. हे सारे आधी व्हायला हवे होते. पहिल्या ठिकाणी तिला आठ्या घालायला आणि भुवया उंचावायला सांगितले होते, हसायला कोणीच सांगितले नव्हते. छायाचित्र घेतले तेही स्थिर चेहऱ्याचे. डॉक्टरांचे म्हणणे असे की बहुतेकांचा चेहरा मुळातच थोडा विषम असतो. एक कोपरा वर, एक गाल भरलेला. ती विषमता आधी पाहिली नाही, नोंदवली नाही, तर दोन्हीकडे तंतोतंत सारखी मात्रा देऊनही निष्पत्ती सारखी येत नाही. सममिती मोजपट्टीने येत नाही, असे ते म्हणाले. भुवयांमधल्या आठ्यांना पाच जागी मिळून 20 युनिटे ही रूढ मात्रा. ओठाच्या कोपऱ्याला एका बाजूला दोन-चार युनिटे पुष्कळ झाली, आणि तीही कमीतून सुरू करून दोन आठवड्यांनी पाहून वाढवावीत. एका कंपनीचे युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे युनिट नव्हे, हेही विचारून घ्यावे. अमेरिकेत आठ्यांसाठी 2002 मध्ये, डोळ्यांच्या कडांसाठी 2013 मध्ये, कपाळासाठी 2017 मध्ये आणि मानेवरच्या पट्ट्यांसाठी 2024 मध्ये परवानगी मिळाली. तोंडाभोवतीचा वापर या यादीत नाही. तो डॉक्टरच्या हातावर आणि विवेकावर चालतो.

उपाय म्हणून त्यांनी दोन वाटा सांगितल्या. थांबणे, किंवा डाव्या बाजूलाही अगदी थोडी मात्रा देऊन दोन्ही बाजू सारख्या सैल करणे. दुसरी वाट ऐकून मला माझ्या साताऱ्याच्या मावशीची आठवण झाली. तिला विशीत अर्दित झाले होते. वारे गेले, असे घरात म्हणत. डावा अर्धा चेहरा कधीच पुरता परतला नाही. अशा रुग्णांना आज निरोगी बाजूत हेच औषध देतात आणि हसू जुळवून घेतात. मावशीच्या काळी ते नव्हते. ती जन्मभर उजव्या कोपऱ्यातून हसली आणि आम्हा भाचरांना ते हसू कधी कुत्सित वाटले नाही. आम्हाला तिचा चेहरा पाठ होता. परीक्षेला आलेल्या मुलीला माझ्या मैत्रिणीचा चेहरा दोन वर्षे पाठ होता, आणि तो एका आठवड्यात बदलला होता. फरक तिथे आहे असे मला वाटते.

भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. मैत्रिणीने हे विनोदाने घेतले नाही. तिने थांबण्याची वाट निवडली आणि ते दोन महिने स्मितावर काढले, कारण दात दिसले नाहीत तर ओठाचे वैगुण्यही दिसत नसे. पण खळखळून हसणारी बाई दोन महिने उत्तम प्रकृतीची होऊन राहिली की तिच्याजवळ बसवत नाही. व्यवस्थित हसू आणि हसू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फ्रेंच वैद्य ड्यूशेन याने 1862 मध्येच दाखवले होते. विजेच्या प्रवाहाने ओठ हसवता येतात. डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय सहसा त्यांना साथ देत नाही. म्हणजे समतोल डाव्या-उजव्याचाच नसतो, वरच्या-खालच्याचाही असतो. डोळ्यांच्या कडा पार गुळगुळीत करून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

त्या मुलीला मैत्रिणीने नंतर घरी बोलावले आणि काय झाले ते काहीही न लपवता सांगितले. मुलीने बराच वेळ तिच्या ओठांकडे पाहिले आणि विचारले, 'मॅडम, दुखतं का?'

ओठ आता पूर्ववत खाली येतो. आठ्याही परतल्या आहेत. आठ्यांसाठी आपण पुन्हा जाणार, असे ती परवा म्हणाली. तोंडाला मात्र हात लावू द्यायचा नाही, आणि खुर्चीत बसल्यावर कोणी सांगो न सांगो, आधी डॉक्टरांसमोर मोठ्याने हसून दाखवायचे.