जंजिऱ्याच्या तोफा आणि एक खीळ

जंजिरा पाहण्याचा हा आमचा तिसरा प्रसंग. परंतु या खेपेस आम्हांस तेथें नेलें तें आमच्या दहा वर्षांच्या नातवानें. दिवाळींत अंगणांतील मातीच्या किल्ल्यासाठीं त्यानें जुन्या सागवानी फळीचा तोफगाडा केला, त्यावर लोखंडी नळी पत्र्याच्या पट्टीनें व चुकांनीं बसविली आणि आंत फटाका ठेवला. धडाक्यासरशी नळी उसळली ती त्याच्याच अनवाणी पायापाशीं येऊन पडली! शेजारीं बसून कौतुक करीत होतों आम्हीच. घरच्यांचा रोष निमूटपणें सोसला आणि नातवास म्हटलें, "खऱ्या तोफा पाहूं, मग दुसरा गाडा करूं."

मार्गशीर्षांत राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनें निघालों. होडी तटाला जवळजवळ भिडेपर्यंत महाद्वार दिसतच नाहीं. आंत 19 बुरूज, गोड्या पाण्याचीं तळीं आणि ती प्रसिद्ध कलाल बांगडी. 1948 सालीं सिद्दीचें संस्थान भारतांत विलीन झालें. तोफा मात्र तेथेंच आहेत. तटावरून फिरतां फिरतां नातवानें विचारलें, "आजोबा, पण यांचे गाडे कोठें आहेत?"

खरेंच, कित्येक नळ्या नुसत्या आडव्या पडलेल्या! पूर्वीं दोनदां येऊनही हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. नळीच्या दोन्ही कुशींस निघालेले जाड खुंट नातवानें चांचपून पाहिले. बार उडतांच सारा धक्का या खुंटांवाटे गाड्यावर येतो. त्यांस आवळून धरणारी पट्टी ढिली असेल, तर तोफेचें भय शत्रूपेक्षां गोलंदाजासच अधिक.

परतीच्या वाटेवर एका खेड्यांत लोहारसाळ दिसली. नातवाचा गाडा पिशवींत होताच. चुका पाहून लोहारदादांनीं मान हलविली. "गुरुजी, लाकूड पावसांत फुगतं, उन्हांत आटतं. चूक ढिली व्हायचीच. आरपार सळई घालावी अन् वर पाचर मारावी. ढिली झाली तर पुन्हा ठोकावी."

त्यांनीं प्रथम नळीस दोन खुंट बसविले. मग भाता फुंकला, पट्टी लाल होतांच खुंटाच्याच जाडीच्या गजावर वांकविली आणि तापलेली असतांनाच सुंब्यानें तिला भोकें पाडलीं. चाकांच्या धांवा चाकांहून किंचित् लहानच घडविल्या; तापून वाढल्या तशा त्या चढविल्या आणि पाणी ओततांच चाकांस करकचून बसल्या. शेवटीं आंसाच्या टोकांस खिळी घातल्या.

दशरथाच्या रथाची खीळ निसटली, कैकेयीनें हात घालून रथ सावरला, आणि त्या उपकाराच्या वरांतून रामास वनवास घडला, ही लोककथा आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली असेल. तोफांचीं नांवेंही मुलांकडून पाठ करून घेतलीं. परंतु खीळ घडविणाऱ्याची आठवण आम्हांस कधीं झाली नाहीं. निघतांना लोहारदादांस त्यांचें नांव विचारलें आणि नातवाकडून तें गाड्याच्या तळाशीं लिहवून घेतलें.

त्या नळींत पुनः फटाका ठेवावयाचा नाहीं, असा घरांत निर्बंध झाला आहे. आणि तो आम्हांसही मान्य आहे.