काळोखातली गाईड

नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, बरं का! तिथल्या आमच्या गाईड मुलीनं किनाऱ्यावरचे ढग चुकवीत गाडी थेट फिनलंडच्या सीमेकडे नेली. ध्रुवप्रकाश दाखवणं तिच्या हातात नव्हतं. माणसं सांभाळणं मात्र होतं. दर थांब्यावर ती डोकी मोजी, ‘पायाची बोटं हलवा’ म्हणे. शाळेच्या सहली नेणारी मी, मला हसूच आलं. रात्री दोनपर्यंत आकाशात काही दिसलं नाही. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे आठवून माझा चेहरा उतरला. तिनं खोटा धीर दिला नाही. शेकोटीजवळ गरम कोकोचा पेला हातात दिला नि पुन्हा डोकी मोजू लागली. मीही मोजली.