काय चुकलं?

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चार वाजायच्या थोडं आधी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली कित्येक गावं झोपेतच गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. दिवाळीच्या सुमारास कॉलेजातल्या पोरांबरोबर कपडे आणि भांडी घेऊन मीही तिकडे गेलो होतो. एका पत्र्याच्या शेडसमोर एक बाई मदतीत आलेले तांदूळ निवडत बसली होती. नवरा गेलेला, दोन्ही पोरं गेलेली. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती आपणहून सांगू लागली. गणपती कसा बसवला, आरती कधी चुकवली नाही, प्रसाद कुणाकुणाला दिला. "समदं रीतीनं केलं. सोडतानाबी काय कमी केलं न्हाई. मग आमचं काय चुकलं वो?"

तिला सांगण्यासारखं बरंच काही होतं. तिकडची घरं दगडामातीची. भिंती दोन-दोन फूट जाड, पण दगडाला दगड धरून ठेवणारी नुसती माती. वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ते घर गार राहतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधत आले. जमीन हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि माळवद सरळ खाली आलं. देशाच्या भूकंप-नकाशात हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसत होते, पण त्यांवरून एवढं मोठं काही येईल हे कुणाला सांगता आलं नाही. हे सगळं खरं आहे आणि पुढची घरं बांधताना ते कामालाही आलं. त्या बाईपुढे मात्र आमच्यातल्या भूगोलाच्या हुशार पोरानेही तोंड उघडलं नाही. भिंत का पडली हे ती विचारतच नव्हती. शेजारणीची पोरं जिवंत निघाली आणि माझी नाही, हा हिशेब कुणी लावला, असं ती विचारत होती.

माणूस धर्माकडे का वळतो याची दोन तयार उत्तरं आपल्याकडे नेहमी फिरत असतात. भीतीपोटी, असं नास्तिक म्हणतात. श्रद्धेपोटी, असं आस्तिक म्हणतात. दोन्हींत तथ्य असेल, पण मला त्या बाईचा प्रश्न जास्त खरा वाटतो. तिला आधार हवा होता, तसा स्वतःचा एखादा अपराधही हवा होता. माणसाला दोष परवडतो, योगायोग परवडत नाही. चूक झाली असेल तर तिचं प्रायश्चित्त असतं, नवस फेडता येतो, राहिलेला कुळाचार पुन्हा सुरू करता येतो. नुसताच योगायोग असेल तर करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि तो उद्या पुन्हा आला तर अडवणार कसा? म्हणून आपण देवापुढे उभे राहतो ते बऱ्याचदा आरोपी होऊन. सुटका नाही मिळाली तरी चालेल, निदान कलम तरी सांगा.

अडाण्यांनाच असं वाटतं म्हणावं, तर १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप आठवून पाहावा. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना हे सहन झालं नाही. निसर्गातल्या घडामोडींची कारणं निसर्गातच असतात, असं त्यांनी लिहिलं. शिवाय, हाच युक्तिवाद तुमचे विरोधक तुमच्यावर उलटवतील, हेही बजावलं. गांधीजींनी ते पत्रक 'हरिजन'मध्ये छापलं, उत्तर दिलं आणि आपलं मत सोडलं नाही. अस्पृश्यता हे पाप होतं याबद्दल दोघांचं दुमत नव्हतंच. पण मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्यही होते, त्यांनी कुणाच्या पापाची शिक्षा भोगली? या वादात मी ठाकुरांच्या बाजूचा. तरी गांधीजींना तसं का म्हणावंसं वाटलं हे मला कळतं. हजारो माणसं उगाचच मेली, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

आमच्या घरात हा प्रश्न आला तो मामाच्या वेळी. सकाळी स्कूटर घेऊन दही आणायला गेला आणि वळणावर टेम्पोने उडवलं. डॉक्टरांनी डोक्याचा मार, रक्तस्राव वगैरे नीट समजावून सांगितलं. मामीने मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला ती एकच सांगत सुटली: "घरात विरजण होतं हो. मीच म्हटलं, विकतचं आणा, घट्ट असतं." तिचा खटला तिने स्वतःच चालवला होता, निकालही दिला होता.

मग गुरुजींनी पंचांग उघडलं आणि पंचक असल्याचं सांगितलं. धनिष्ठाच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतची नक्षत्रं. त्या काळात माणूस गेला तर घरातले आणखी पाच ओढतो, अशी समजूत. दर्भाचे पुतळे, शांत, दानाची यादी. माझ्या मावसभावाचा पारा चढला. दुःखाच्या घरात बसून भीती विकायची म्हणजे कमाल झाली, असं तो माजघरात येऊन पुटपुटला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मी मामीकडे बघत होतो. ती सरळ बसली. पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हणजे वेळच वाईट होती?" गुरुजी म्हणाले, "वेळच, वहिनी." त्यानंतर दह्याचा विषय तिच्या तोंडून मी ऐकला नाही. दोष तिच्या अंगावरून उचलून नक्षत्रावर ठेवला गेला होता, आणि नक्षत्राची शांत करता येते.

भीती विकणारा धंदा आहेच आणि तो जोरात चालतो. पण त्याला गिऱ्हाईक का मिळतं, याचं कारण त्या 'वेळच, वहिनी'मध्ये आहे. बुवाबाजीवर तुटून पडणारे आमचे मित्र हे लक्षात घेत नाहीत. त्यांचं सगळं बोलणं खरं असतं आणि समोरची बाई दह्यापाशीच बसलेली असते.

मामीचं नशीब एवढंच की तिचा दोष आकाशात गेला. नेहमी तसं होत नाही. दोष ठेवायला जागा शोधताना आपण घरातलं सगळ्यांत गरीब माणूस बघतो. नवरा गेला की बायको पांढऱ्या पायाची. पोर अधू निघालं की तिच्या माहेरचं काहीतरी. पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हेच लिहिलं: वैधव्य म्हणजे बाईने मागल्या जन्मी केलेल्या पापाचं फळ, असं सगळे मानतात आणि तीही मानते. रमाबाईंना ते कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत देशभर फिरलं, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. रीतीत त्यांनी काही कमी केलं नव्हतं. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. इतकं झाल्यावर बाई देवाचं नाव टाकून देईल असं वाटेल. रमाबाईंनी धर्म बदलला, पण विचारणं सोडलं नाही. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या पोरी आणि विधवा गोळा केल्या, त्या मागल्या जन्मीचा हिशेब न मागता.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तर याहून विलक्षण. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. कायदा आणि अर्थशास्त्र कोळून प्यालेला माणूस. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, १९३५ च्या मे महिन्यात पत्नी रमाबाई गेल्या. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात झाली. त्यानंतर धर्म हवाच कशाला, असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. बरोबरीच्या अनेक शिकलेल्यांनी तेच केलं. त्यांनी एकवीस वर्षं वाचलं, तपासलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म घेतला. धर्म माणसाला लागतो, गरिबाला तर जास्तच लागतो, असं त्यांचं मत होतं. पण कोणता धर्म नको, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ ते गेल्यानंतर, १९५७ मध्ये आला. मागल्या जन्मीच्या कर्माने माणूस आज गरीब किंवा हीन जन्मतो, या सिद्धांताचा हेतू त्यात त्यांनी उघडा पाडला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढ्यासाठीच तो असू शकतो, असं ते म्हणतात. 'काय चुकलं' या प्रश्नाला आजवर मिळालेलं हे सगळ्यांत कडक मराठी उत्तर आहे, मग तो ग्रंथ मुळात इंग्रजीत लिहिलेला असो. तुमचं काहीही चुकलेलं नाही, चुकलंय दुसऱ्यांचं, आणि ते दुरुस्त करता येतं. दीक्षाभूमीवर दरवर्षी लोटणारी गर्दी हे ऐकायला येते, असं मला वाटतं.

तर मग पंचकही नको आणि पूर्वजन्मही नको. मागे काय उरतं? बरंच उरतं. मामाचा दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर झाला. पिंड मांडले आणि आम्ही सगळे बाजूला होऊन उभे राहिलो. समोरच्या पिंपळावर कावळे होते. एक खाली आला, दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं आणि परत गेला. मग सुरू झालं ते प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेलं आहे. मोठा मामा पुढे झाला, हात जोडले, "निखिलच्या शिक्षणाचं मी बघतो रे, काळजी करू नको." कावळा हलला नाही. मावशी म्हणाली, वहिनीला दिवाळीला एकटी ठेवणार नाही. कावळा पिसं साफ करत बसला. कुणीतरी हळूच म्हणालं, "प्लॉटचं सांग की." धाकटा मामा मागे उभा होता. त्या प्लॉटवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं, हे घाटावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो पुढे आला, चप्पल काढली, आणि खाली मान घालून म्हणाला, "प्लॉट वहिनींच्या नावावर करतो."

त्यावरही कावळा शिवला नाही. ऊन चढलं, गुरुजींना पुढचं काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. पण भर घाटावर, इतक्या लोकांसमोर बोललेला शब्द मागे घेता येईना, आणि प्लॉट मामीच्या नावावर झाला. कोर्टात हे काम दहा वर्षांत झालं नसतं. मामा का गेला, हे तिथे कुणीही सांगितलं नाही. कुणाचं काय चुकलं, हा विषयच निघाला नाही. गेलेल्या माणसाचं काय राहिलं आणि ते आता कोण करणार, एवढंच चाललं होतं. धर्माचं हे रूप मला पटतं, कावळ्यावर काडीचा विश्वास नसताना पटतं.

आणि भांडायचं असेल तर त्याचीही सोय आपल्या संतांनी करून ठेवली आहे. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. चरित्रकार सांगतात, त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. पुढे विठ्ठलाला त्यांनी जे सुनावलं आहे, ते आपण कर्ज बुडवणाऱ्यालाही सुनावणार नाही. ज्याला दोन शब्द ऐकवता येतात असा देव असला, की माणूस सगळा दोष स्वतःकडे ठेवत नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ते काम १९२२ मध्ये मरणाआधी त्यांनी पुरं केलं. त्यात ईयोबाचं पुस्तक आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गमावून, अंगभर फोड आलेला ईयोब राखेत बसलेला असतो. त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. तिथवर उत्तम. मग ते तोंड उघडतात आणि तुझंच काही पाप असणार, हे त्याला पटवू लागतात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

तेव्हा कुणाच्या घरी भेटायला जाल तेव्हा पिठलं-भात घेऊन जा. दहाव्याला उभे राहा, मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहा, बँकेचे कागद भरून द्या. ग्रह, पत्रिका, पूर्वजन्म यांतलं काही तोंडावर आलं तर गिळा. आणि त्या घरातल्या बाईने विचारलंच, आमचं काय चुकलं, तर काही चुकलं नाही, एवढं तिला नक्की सांगा.