बाई, हितं नको!

दोस्तांनो, तंबूत राहायचं म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? शेकोटी, गाणी आणि चुलीवरचा धुरकट पिठलं-भात! मला मात्र एका मुलाचे चार शब्द आठवतात.

ऑक्टोबरचे दिवस होते. सहावी-सातवीची बावीस मुलं आणि आम्ही तीन शिक्षक संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरला निघालो होतो. १९०७ साली बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन पहिलं शिबिर भरवलं, ही गोष्ट मी गाडीतच ऐटीत सांगून टाकली. "म्हणजे आपण दोन जास्त!" मुलं ओरडली.

शृंगारपूरच्या मागे सह्याद्रीची उभी भिंत आणि वर प्रचितगड. आपली शास्त्री नदी तिथेच उगम पावते, संगमेश्वरला सोनवीला भेटते आणि जयगडला समुद्राला मिळते. गंमत म्हणजे, त्याच भिंतीच्या पलीकडे पडलेला पाऊस वारणेतून कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात जातो! वरचं रान चांदोली राष्ट्रीय उद्यानाचं. २००४ साली ते घोषित झालं आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे असा तळ ठोकता येत नाही, म्हणून आम्ही खाली नदीकाठीच उतरलो.

जागा मी निवडली. मऊ वाळूचा सपाट पट्टा, बाजूला घोटाभर पाणी. तंबू उभे राहिले, जेवणं झाली. तेवढ्यात सहावीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. डोंगराखालच्या वाडीतला, अबोल. वर्गात सारखा खिडकीबाहेर बघायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मीच शेरा मारला होता, 'वर्गात लक्ष नसते.'

"बाई, हितं नको झोपाया," तो म्हणाला.

"का रे? चांदणं बघ कसं पडलंय!"

त्याने करंजाच्या फांदीकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्याही वर तिथे वाळकं गवत अडकलं होतं. "हितवर पानी येतं."

"ते पावसाळ्यात," मी म्हटलं.

"वर ईज लवतेय," तो म्हणाला. खरंच, गडाच्या मागे उजेड मिणमिणत होता. आवाज मात्र नव्हता. पण इतक्या कष्टाने उभारलेले तंबू मुलांदेखत पुन्हा काढायचे? मला कमीपणा वाटला. "जा, झोप जा," मी म्हटलं.

तो झोपायला गेलाच नाही. नदीवर गेला आणि धावत परत आला. "बाई, मगाशी तळाचे गोटे दिसत हुते. आता दिसत न्हाईत."

मी बॅटरी घेऊन गेले. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावरून हिरवी पानं वाहत येत होती. माझ्या पोटात गोळाच आला.

मग मात्र एक क्षणही घालवला नाही. मुलं उठवली, मोजली, तंबू गुंडाळले आणि टेकाडावरच्या एका घराच्या खळ्यात सगळ्यांना नेलं. घरच्या आजींनी काही न विचारता चुलीवर चहाचं आधण ठेवलं. अर्ध्या तासाने खालून दगड गडगडल्यासारखा आवाज आला. मी मुलं पुन्हा मोजली. बावीस. तरी आणखी एकदा मोजली.

सकाळी आमच्या चुलीच्या जागेवरून तांबडं पाणी धावत होतं. आमच्यावर एक थेंबही पडला नव्हता! पण डोंगर उभा असला की वर पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही. शेकडो पऱ्यांतून एकदम नदीत येतं. म्हणून नदीकाठी मुक्काम करताना डोक्यावरच्या आभाळाइतकंच उगमाकडचं आभाळ बघायचं. फांद्यांत अडकलेला कचरा बघायचा. पाण्याचा रंग बदलला की सामानाचा मोह सोडून उंचावर जायचं. आणि मुख्य म्हणजे, तळ ठोकण्याआधी गावातल्या माणसांना विचारायचं. मी विचारलं नव्हतं.

पुढच्या प्रगतिपुस्तकात मी त्या मुलाला शेरा दिला, 'निरीक्षण उत्तम आहे.' तो वाचून तो नुसता हसला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

त्या रात्री लक्ष माझंच नव्हतं. पण बाईंच्या प्रगतिपुस्तकात शेरा कोण लिहिणार? म्हणून तो आज मीच इथे लिहिला आहे.