आवाजाचा ठावठिकाणा

माणसांसकट अडीच टनांच्या आसपास वजन भरणारी, सात जणांना सामानसुमानासह घेऊन घाट चढणारी आणि रस्त्यावरच्या क्षुद्र खड्ड्यांची दखलही न घेणारी मोटार थांबावी, तिची चाके पूर्णपणे निश्चल व्हावीत, आणि त्यानंतर क्षणभराने तिच्या पोटातून 'ठक्' असा एकच आवाज यावा, ही गोष्ट वरकरणी इतकी क्षुल्लक आहे की तिच्यासाठी सेवाकेंद्राची पायरी चढणाऱ्याला लोक हौशी तक्रारखोर समजतात. मलाही तसेच समजण्यात आले, आणि त्याचे मला फारसे वैषम्य वाटले नाही. परंतु ब्रेकशी ज्याचा संबंध असू शकेल असा आवाज केवळ लोकलज्जेस्तव कानाआड करणे मला प्रशस्त वाटेना.

आवाजाच्या उगमाविषयी घरातच एकवाक्यता नव्हती. मी चालकाच्या आसनावरून तो मागून येतो असे सांगे, मधल्या रांगेत बसणारी पत्नी तो निश्चितपणे पुढून येतो असे म्हणे, आणि अगदी मागे बसणाऱ्या भाच्याचा ठाम दावा असा की स्टेपनी सैल झाली आहे. यांपैकी कोणी खोटे बोलत होते असे नव्हे. असल्या मोटारीचा देह दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांच्या सांगाड्यावर बसवलेला असतो, आणि रुळाला कान लावला असता दूरच्या आगगाडीची चाहूल लागावी त्याप्रमाणे या तुळयांतून एका टोकाचा आघात दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचतो.

अधिकृत सेवाकेंद्रातील तरुण सल्लागार अत्यंत विनयशील होता. ब्रेक दाबल्यावर आवाज येतो, सबब दोष ब्रेकचा, हे त्याचे अनुमान इतके सरळ होते की पुढच्या चाकांचे पॅड बदलण्यास मी तत्काळ संमती दिली. आवाज राहिला तेव्हा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड गेल्या. त्यानंतर खालच्या आर्मचे बुश गेले. आणि अखेर मागचे दोन्ही शॉकअपही बदलण्यात आले. प्रत्येक वेळी जॉबकार्डावर 'आवाजाचे निवारण केले' असा शेरा पडे, आणि प्रत्येक वेळी दरवाजाबाहेरच्या पहिल्याच सिग्नलला तो शेरा रद्दबातल ठरे. मध्यंतरी मोटारीला संगणकही जोडून पाहिला. त्याने सर्व काही यथास्थित असल्याचा निर्वाळा दिला, आणि तो त्याच्यापुरता खराच होता; कारण ज्या लोखंडाला संवेदक जोडलेला नाही त्याची कैफियत संगणकापर्यंत पोहोचावी तरी कशी?

याच सुमारास कोकणात जाण्याचा योग आला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, मोटार माणसांनी आणि सामानाने खच्चून भरलेली असता आणि वळणावळणाला ब्रेकवर पाय जात असता, तो आवाज एकदाही आला नाही. परतल्यावर मी एकटा मोटार घेऊन बाहेर पडलो तो पहिल्याच चौकात 'ठक्'. ब्रेकच सदोष असते तर घाटात त्यांनी आक्रोश करायला हवा होता, हे मी सल्लागाराच्या कानावर घातले. त्याने ते आदराने ऐकून घेतले आणि मागच्या चाकांचे काम काढावे लागेल, असे सुचवले. तेव्हा मी मोटार कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात नेली.

उद्यमनगरातील त्या मिस्त्रींचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि मध्यभागी खोदलेला खड्डा, एवढाच. मी आवाज कुठून येतो याचे सविस्तर वर्णन आरंभले, तोच त्यांनी हात वर केला.

"कुठनं येतोय ते नगा सांगू सर. कवा येतोय तेवढं सांगा."

पुढे त्यांनी मला जे प्रश्न विचारले ते एखाद्या कसलेल्या वकिलाने उलटतपासणीत विचारावेत असे होते. रिव्हर्स घेतल्यानंतर पुढे जाताना पहिल्याच ब्रेकला येतो का? तसे असते तर कॅलिपरच्या चौकटीत पॅड जागा बदलीत असल्याचा संशय घेता आला असता. पण तसे नव्हते. उभी मोटार बोनेटवरून दाबून हलवली तर येतो का? बुश किंवा शॉकअप ढिला असता तर बहुधा तिथेच उघडा पडला असता. तोही येत नव्हता. क्लच सोडताना, गिअर पडताच खटका बसतो का? नाही. अगदी हळुवार, पेल्यातले पाणी हिंदकळू न देता थांबवली तर? तर मात्र येत नाही. आणि घाटातली हकीकत सांगताच ते प्रथमच किंचित हसले, आणि मोटार खड्ड्यावर घ्यायला पोऱ्याला सांगितले.

खाली उतरून त्यांनी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या अॅक्सलपर्यंत नेणारा तो लांब दांडा, दोन्ही हातांनी पिळून पाहिला. जॉइंटचे क्रॉस घट्ट होते. नंतर दिवा जवळ धरून त्यांनी शाफ्टच्या मध्याजवळ, एक नळी दुसरीत सरकते त्या स्लिप योकच्या तोंडावरून बोट फिरवले आणि ते मला दाखवले. बोटाला तांबूस, काव लागावी तशी कोरडी भुकटी लागली होती. लोखंडावर लोखंड वंगणाविना घासत राहिले म्हणजे अशी भुकटी पडते. शेजारचा ग्रीसचा निप्पल चिखलाच्या थराखाली सापडला. तो खरवडल्यावर त्याच्या तोंडाशी जुने ग्रीस खड्यासारखे घट्ट झालेले दिसले. जॉबकार्डांवर मात्र दर सर्व्हिसला 'ग्रीसिंग' या रकान्यापुढे बरोबरची खूण होती!

मग त्यांनी कारण उलगडले. ब्रेक दाबला की मोटारीचे नाक खाली जाते आणि मागचा भाग उचलला जातो, त्यामुळे गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांमधले अंतर थोडे बदलते. ते सांभाळण्यासाठीच शाफ्टच्या दोन भागांना दातेरी खाचांतून मागेपुढे सरकण्याची मुभा ठेवलेली असते. मोटार थांबताच मागचा भाग पुन्हा खाली बसतो आणि शाफ्टला परत आपल्या जागी यावे लागते. खाचा कोरड्या असल्या म्हणजे तो अडून राहतो, दाब साचतो, आणि तो साचलेला दाब एकदम सुटला की ठक्! ओझ्याने मागचा भाग मुळातच दबलेला असला म्हणजे खाचांचा निराळाच भाग कामाला लागतो, आणि आमच्या मोटारीत तेवढ्या भागात अद्याप वंगण शिल्लक असावे, असा त्यांचा कयास होता.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्यांनी दोन्ही भागांवर पंचाने खुणा ठोकल्या. जोडताना एखादा दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी दोन टोकांच्या जॉइंटांचा मेळ चुकतो आणि वेगात मोटार थरथरू लागते. भाग वेगळे करून डिझेलने धुतल्यावर दात्यांचे खरे रूप दिसले: काही पट्टे आरशासारखे घासलेले आणि काहींवर गंज. तरीही हाताने पिळता त्यांत खेळ आढळला नाही, म्हणून नवा शाफ्ट घेण्याची आवश्यकता नाही, हा निर्णय त्यांनी स्वतःहून दिला. पुढे मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस दात्यांना बोटाने चोळले, निप्पल नवा बसवला, आणि ग्रीसगनचे मोजकेच दाब दिले. पोऱ्या आणखी मारू लागला तसे ते खेकसले, "ठासतोस कशाला? मग शाफ्ट आत सरकंल कसा?"

ट्रायलला ते स्वतः शेजारी बसले. शाहू टोलनाक्याच्या दिशेने जाताना त्यांनी मला मुद्दाम जोराने ब्रेक मारायला लावले, पुन्हा मारायला लावले, आणि मोटार निमूटपणे थांबत राहिली. कारखान्यात परतल्यावर मी मागचा दरवाजा उघडून सेवाकेंद्राने उतरवून दिलेला ऐवज त्यांच्यापुढे मांडला. लिंक रॉड आणि बुश त्यांनी निरखून एका बाजूला सारले. शॉकअप मात्र उभे धरून, सगळा भार देऊन दाबून पाहिले आणि त्यांची हळूहळू वर येणारी दांडी न्याहाळत राहिले.

"यांना काय धाड भरलीया? मापाची गाडी आली की बसवतो," असे म्हणून त्यांनी ते फळीवर ठेवले, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या बिलातून त्यांची किंमत वजा केली.