इकडील सर्व क्षेम

आम्हा बँकवाल्यांना माणसापेक्षा त्याचा पत्ता प्रिय. घर नंबर, गल्ली, मारुतीच्या देवळाजवळ, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे सगळं जागच्या जागी असल्याशिवाय आम्ही कुणाला खातेदार मानत नाही; मग तो हाडामांसाचा समोर उभा का असेना! पण सैनिकाच्या पत्त्यापुढं आमचं काही चालत नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’. गाव नाही, तालुका नाही. पिनकोड ९ ने सुरू होतो, म्हणजे फौजी डाक, एवढंच कळतं. टाकलेलं पत्र वाळवंटात जाणार की बर्फात, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नवरा नेमका कुठं आहे हे माहीत नसताना ‘तिकडं स्वेटर घालत जा’ असं लिहिणं फक्त सैनिकाच्या बायकोलाच जमतं.

आमची शाखा सातारा जिल्ह्यातली. इथल्या अपशिंगे गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमच्या घराण्यातलं शौर्य म्हणाल, तर आजोबांनी एकदा एस.टी.च्या कंडक्टरकडून राहिलेले आठ आणे वसूल केले होते. ती कथा आम्ही अजून पाहुण्यांना सांगतो.

माझ्या काउंटरवर मराठा लाइट इन्फंट्रीतल्या एका हवालदाराचं खातं आहे. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. तीही मिळेल तेव्हा आणि तुकड्यातुकड्यांनी. सुट्टीचा पहिला दिवस ग्रामदैवताला, दुसरा आम्हाला.

छावणीतल्या गोष्टी तो रंगवून सांगतो. पहाटे पीटी, मग परेड, लंगरातलं जेवण, संध्याकाळी रोल कॉल, रात्री संत्री. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर, आणि त्या ट्रंकेत सगळा संसार. गेल्या हिवाळ्यात तो वर लडाखच्या बाजूला होता.

“बाहेर उणे तीस, साहेब. अंड्याचा दगड होतो.”

“मग रात्री करता काय?”

“बुखारीभोवती बसायचं आणि बोलायचं. कुणाचा गॅस संपलाय, कुणाच्या पोराला गोवर आलाय, विहिरीवरची मोटार कुणाच्या बायकोनं कशी दुरुस्त करून घेतली...”

“आणि शत्रू?”

“त्याच्यासाठी ड्यूटीचे तास आहेत की!”

हे ऐकून मी घरी जरा अपेक्षेनं गेलो. मी सकाळी नवाला बाहेर पडतो, रात्री साताला परततो. मधल्या दहा तासांत आमच्या हिला माझी काळजी वाटते का, असं विचारलं. “वाटते ना,” ती म्हणाली. “कोथिंबीर विसराल म्हणून.”

हवालदारानं बायकोचं नाव खात्याला जोडलं तो दिवस मला आठवतो. फॉर्ममध्ये एक ओळ असते: दोघांपैकी कोणीही, किंवा हयात असेल तो. आम्ही दिवसातून दहादा त्या ओळीवर खूण करतो. शेंगदाणे खाताखातासुद्धा करतो. त्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि हळूच म्हणाला, “बरोबर आहे साहेब. फक्त तिला मोठ्यानं वाचून दाखवू नका.”

“मला वाचता येतं,” वहिनी म्हणाल्या, आणि सही केली. सरळ रेघेत, वेलांटी-उकारासकट.

खात्याला मोबाईल मात्र त्याचाच. त्यामुळं वहिनींनी इथं पैसे काढले की तिकडं त्याला मेसेज. वर चौकीवर रेंज नाही; खाली उतरला की पंधरा दिवसांचे मेसेज एकदम. सोमवारी पाचशे म्हणजे बाजार. दहा तारखेला बाराशे म्हणजे आईची औषधं. जूनमध्ये तीन हजार म्हणजे वह्या-पुस्तकं. कॉमर्सला मला चार वर्षं हिशेब शिकवले, पण खातेउतारा असा पत्रासारखा वाचायला कुणी शिकवलं नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी वहिनींनी नऊ हजार काढले. सासूबाई अंगणात घसरल्या होत्या, मनगट मोडलं होतं.

“त्यास्नी कळू देऊ नगा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिकडं बर्फात जीव टांगणीला लागंल. प्लास्टर निघालं की मीच सांगीन.”

आठ दिवसांनी शाखेचा फोन वाजला. ओळखपाळख झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, मंगळवारी नऊ हजार. मंगळवारी बाजार नसतो. घरी विचारलं तर म्हणते, सगळं ठीक आहे. काय झालंय?”

आता सांगा! इकडं दिलेला शब्द, तिकडं उणे तीस. मी व्हाउचर काढून समोर धरलं.

“हवालदारसाहेब, सही त्यांचीच आहे. नेहमीसारखी. सरळ रेघेत.”

“हात थरथरलेला नाही ना?”

“अजिबात नाही. वेलांटीसुद्धा जागेवर आहे.”

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग तो म्हणाला, “म्हणजे काहीतरी झालंय, पण तिनं सांभाळलंय. बरं, ठेवतो.”

एप्रिलमध्ये तो सुट्टीवर आला तो लंगडत. घरी सांगितलं होतं, नवा बूट चावला. मला म्हणाला, “थंडीनं दोन बोटं काळी पडली होती. आता बरी आहेत. घरी बोलू नका.” मी मान हलवली. त्याच दुपारी वहिनी आल्या. “बूट चावला म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “चावू दे. मी इचारत नाय. सांगतील तवा सांगतील.”

आमच्या धंद्यात नावे आणि जमा दोन्ही दाखवावी लागतात, तेव्हा कुठं ताळेबंद जुळतो. या दोघांनी आयुष्यभर एकमेकांना फक्त जमा दाखवली. नावेची बाजू दोघांनीही दडवली, आणि दोघांनाही ती तोंडपाठ. तरी ताळेबंद जुळतो. कसा, ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

हल्ली वहिनींनी एक नवीन काम लावलंय. बाजार असो-नसो, दर सोमवारी दोनशे रुपये काढतात आणि शेजारच्या काउंटरवर जाऊन तेच दोनशे परत भरतात. मागची रांग कुरकुरते. परवा आमच्या मॅनेजरांनीच विचारलं, “बाई, काढायचे कशाला आणि भरायचे कशाला?”

“त्यास्नी मेसेज जातो न्हवं,” वहिनी म्हणाल्या. “सोमवारचा आला न्हाई, तर जेवायचं न्हाईत.”

मॅनेजरांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “व्यवहार नियमात बसतो. त्यांना आधी घेत जा.”